बैलाच्या कानातली तार

दादा,

सायखेड्याचा बैल कालपासून वैरण खात नाही. नुसता उभा आहे. बसत नाही, रवंथ करत नाही, पाठ वर काढून उभा राहतो म्हणे. घरच्यांना वाटतंय, वाढदिवसाचा केक जास्त झाला. केक मी केला होता. त्याच्या पोटात केकबरोबर आणखी काय गेलंय, हे एकट्या मला माहीत आहे, आणि मी स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहितेय. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. जिवंत माणसांना सांगायची छाती होत नाही म्हणून गेलेल्या बापाला सांगते, असं समजा हवं तर. रागवायचं असेल तर रागवा. त्याची मला सवय आहे.

बैलाचा वाढदिवस म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडली असणार. पण आता करतात, दादा. मांडव घालतात, बँड लावतात, बैलाला झूल आणि शिंगांना बेगड, गावाला जेवण आणि वर केक. सायखेड्याचा हा बैल बारा वर्षांचा आहे. त्याला आता कामाला जुंपत नाहीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखा सांभाळतात. त्याचीच हुबेहूब मूर्ती केकमध्ये हवी होती. घरातले आजोबा आणि आजी दोघं मिळून ऑर्डर द्यायला आले, मोबाइलमधले त्याचे फोटो दाखवले, कपाळावरचा पांढरा टिळा कुठं ते बोटानं दाखवलं. मी म्हटलं, बसलेला करून देते, बसलेला पक्का राहतो. आजींनी मानच हलवली. "बसलेला नको बाई. बसलेला बैल आजारी दिसतो. वाढदिसाला उभाच पायजे." मग काय, उभा करायचं ठरलं. मी त्यांना तेव्हाच समजावून सांगितलं, पायांत आणि मानेत पाईप असतील, पोटाखाली लाकडाची फळी असेल, तेवढं सोडून बाकी सगळं खायचं. डोकं तर पूर्ण खायचं. हे मी माझ्या तोंडानं सांगितलं, हे लक्षात ठेवा.

लोकांना वाटतं केकवाली म्हणजे दिवसभर क्रीम फेटत बसलेली बाई. माझं निम्मं काम ड्रिल मशीनचं असतं. केकला हाडं नसतात, तो भिजलेला स्पंज, चार बारीक पायांवर तो उभा राहीलच कसा. म्हणून आधी सांगाडा. खाली जाड प्लायवूड, त्याला चार भोकं, त्यातून आट्यांच्या सळया वर काढायच्या आणि दोन्ही बाजूंनी नट आवळायचे. सळयांवर नळाचे पांढरे पाईप चढवायचे, त्यावर पोटाच्या आकाराची दुसरी फळी, आणि त्या फळीतून मानेसाठी एक पाईप तिरका पुढं. सगळ्याला खाण्याच्या पदार्थाला चालणारा कागद गच्च गुंडाळायचा आणि मग केकचे थर चढवायचे. वजन फळीवर येतं, पाय नुसते चॉकलेटनं लिंपलेले असतात. डोकं मी चुरमुऱ्यांचं करते. चुरमुरे पातळ केलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये कालवायचे, लाडू दाबतो तसं दाबून घडवायचं, वर फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या कणकेचा, थर लाटून बसवायचा. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, काटकोनात नाही हे. मी काटकोन्या लावूनच बघते, दादा. तुमचाच आहे तो.

आमचं स्वयंपाकघर नऊ बाय सातचं. मोठं काम असलं की टेबल आत घ्यावं लागतं आणि ते दाराला अडतं. केक चढला की टेबल हलवायचं नाही, कारण एक धक्का बसला की मान गेली. म्हणून काम संपेपर्यंत मी आत. जेवणाचं ताट टेबलाखालून आत येतं, मी बाथरूमला टेबलाखालून रांगत बाहेर जाते, बेचाळिसाव्या वर्षी. सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, बाळंतिणीसारखी कोंडून घेते बघा. सगळे हसायचे, मीही हसायचे. माझं लग्न झाल्याला बावीस वर्षं झाली, त्यातली अठरा तरी मी या टेबलाच्या आतल्या बाजूला काढली असतील. केक घेऊन हे जातात. केक कुठं ठेवला, कुणी कापला, कुणाला आवडला, ते मी ह्यांच्या मोबाइलमध्ये बघते. माझी जनावरं दारातून बाहेर जातात आणि मी ओटा पुसते.

तर त्या दिवशी हवा दमट होती. दमट हवेत फाँडंटला घाम येतो. बैल पुरा झाला, डोळे झाले, टिळा झाला, शिंगं झाली, आणि डावा कान पडला. चिकटवला, पुन्हा पडला. हे खाली गाडी काढून हॉर्न वाजवत होते. ड्रॉवरमध्ये बांधणीच्या तारेचा तुकडा होता, बोटाएवढा. तो मी कानात घातला आणि उरलेलं टोक डोक्यात खुपसलं. कान असा उभा राहिला की जणू बैलानं हाक ऐकली. एरवी मी कधी तार घातलीच तर नळीत घालते आणि खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. त्या दिवशी ना नळी घातली ना लिहिलं. ह्यांना जिन्यात सांगावं म्हटलं, तर हे आणि शेजारचे दोघं मिळून पाटी उचलत होते, 'सांभाळून, सांभाळून' चाललं होतं. नंतर फोन करू म्हटलं. नंतर मी फरशीवर पाठ टेकली आणि झोपले. एवढंच झालं, दादा. यात कुणाचा हात नाही, कुणी घाई केली म्हणून नाही, कुणी विसरलं म्हणून नाही. तार मी घातली आणि मी सांगितलं नाही.

मनात एक होतं, की सुरी लागेल. केक कापताना सुरीला तार लागते, कर्रकन आवाज येतो, माणसं काढून टाकतात. पण मी वस्तीतली मुलगी, गोठ्यातलं मला काय कळणार. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ह्यांनी व्हिडिओ दाखवला. मांडवात कुणीतरी सुरी पुढं केली, तर आजोबा त्याच्यावर असे खेकसले की बँडवाले थांबले. "आरं येडा झाला का? बैलाच्या मानंला सुरी लावतो?" सुरी लावलीच नाही कुणी. हातानं तोडला केक. आजींनी पदर खोचला, डोकं दोन्ही हातांनी मानेपासून अलगद सोडवलं, परातीत ठेवलं आणि परात बैलासमोर नेली. "ज्याचं त्यालाच," म्हणाल्या. बैलानं हुंगलं, जीभ बाहेर काढली आणि पहिल्यांदा डावा कान ओढला. अख्खा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ह्यांनी तो व्हिडिओ मला चार वेळा दाखवला आणि चारही वेळा मी तो कान जाताना बघितला. चहा गार झाला, मी तो तसाच प्यायले.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण हे फार खुशीत होते. तो व्हिडिओ गावोगाव फिरत होता, विंचूरहून एका घोड्याची विचारणा आली होती, आणि ज्या गोष्टीसाठी मी सहा वर्षं मागं लागले होते ती ह्यांनी स्वतःहून काढली. म्हणाले, पाथर्डी फाट्याजवळचा तो गाळा बघून येऊ रविवारी. शटरचा गाळा, दादा. मध्ये टेबल ठेवलं तर चारी बाजूंनी फिरता येईल एवढा. मी एकटीच एकदा जाऊन त्याच्या बंद शटरसमोर उभी राहून आले होते. तर मी गप्प बसले. बैल मोठा, तार एवढीशी, निघून जाईल, असं म्हटलं. काल दुपारी ह्यांनी जेवता जेवता सांगितलं, त्यांचा बैल खात नाही म्हणे, मी म्हटलं गोड झालं असेल, ओवा द्या. आणि भाजी वाढायला ताट पुढं केलं. मी भाजी वाढली.

कालपासून मला तुमची शेड आठवतेय. घरामागची, पत्र्याची. कंपनीतून फिटरची ड्यूटी करून आलात की तुम्ही चहासुद्धा उभ्यानं घ्यायचात आणि मागं जायचात. जयंतीच्या मिरवणुकीचा देखावा दरवर्षी तुमच्याकडे. त्या वर्षी बुद्धांच्या आईच्या, महामायेच्या स्वप्नातला पांढरा हत्ती होता. मी चौदा वर्षांची. वेल्डिंगला तुम्ही मला हात लावू द्यायचा नाहीत, पण तार पिळायला द्यायचात. हत्तीचे दोन्ही कान मी बांधले, तारेच्या जाळीचे, सुपाएवढे. एकदा एक टोक बाहेर राहिलं तर तुम्ही पकडीनं माझ्या बोटांवर मारलंत. "टोक आत वळव. तारेचं टोक बाहेर ठेवणारा माणूस घातकी." तेव्हापासून माझी बोटं टोक आपोआप वळवतात. बैलाच्या कानातलं वळवलं होतं का, हे मी कालपासून आठवतेय. वळवलं असेल. खात्रीनं सांगता येत नाही.

आणि मग तो हत्ती ट्रॉलीवर चढवताना पुढच्या पायात दुमडला. सगळी वस्ती जमलेली, विहारासमोर. कापड फाटलं, आतला सांगाडा दिसला, आणि तुटलेला सांधा मी माझ्या डोळ्यांनी बघितला. सळईला सळई नुसती टेकलेली होती, वेल्डिंग आत उतरलंच नव्हतं. तुम्हीही बघितलंत. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "काय हो फिटर, हे कुणी जोडलं?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, अगदी क्षणभर, आणि म्हणालात, "पोरीनं. पोरीनं केला तो पाय." लोक हसले. वाईट हसले नाहीत, लाडानंच हसले. पोरीबाळींच्या हातात हत्ती दिला होय, असं कुणीतरी म्हणालं. तुमच्यासमोर बोलायची पद्धत नव्हती. आई रात्री म्हणाली, मनावर घेऊ नको, कंपनीत माणसं कमी करताहेत, फिटरला सांधा जमत नाही हे पसरलं तर काय करायचं. मला ते कळत होतं. पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला शेडमध्ये घेतलं नाहीत, ते कशासाठी हे कळलं नाही. जणू खरंच तो पाय मी केला होता. आयटीआयचा फॉर्म मी आणला तेव्हा तुम्ही तो वाचलासुद्धा नाहीत. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, तुम्ही जायच्या दोन-तीन महिने आधी, कंपनीच्या भंगारातलं बेअरिंग लावून केक फिरवायची पाटी करून आणलीत. एकदा बोट लावलं की कितीतरी वेळ फिरत राहते, आवाज नाही. "घे. घरबसल्या होईल काहीतरी," म्हणालात. पाटी सुरेख आहे, दादा, अशी बाजारात मिळत नाही. पण मला पाटी नको होती. तुम्ही एकदा म्हणायला हवं होतं, 'पाय मी केला होता.' अठ्ठावीस वर्षं मी त्या एका वाक्यासाठी तुमच्यावर रुसून आहे, आणि 'घरबसल्या' हा शब्द तर माझ्यासमोर कुणी उच्चारला की मला भांडं आपटावंसं वाटतं.

इथवर सकाळी लिहिलं होतं. दुपारी हे जेवून आडवे झाल्यावर ह्यांच्या मोबाइलमधून मी सायखेड्याचा नंबर घेतला आणि टेबलाच्या आतल्या बाजूला उभी राहून लावला. आजींनीच उचलला. मी नाशिकची केकवाली म्हटल्यावर आधी कौतुक केलं, लय ग्वाड झाला व्हता म्हणाल्या, मग आवाज उतरला. "पर बैल काय तोंड लावंना बघ बाई."

मी म्हटलं, "आजी, केकच्या कानात तार होती. डाव्या. ती त्याच्या पोटात गेलीय. डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलवा आणि तार गेलीय म्हणून सांगा."

मागं कोंबड्यांचा आवाज येत होता. मग म्हणाल्या, "तू तं म्हटली व्हती, डोकं समदं खायचं हाय."

"हो. म्हटले होते."

"मंग कोणी घातली तार?"

आणि मी म्हटलं, "आमच्याकडे एक मुलगी येते कामाला, आजी. नवीन आहे. तिनं घातली. मला आत्ता कळलं."

अडखळलेसुद्धा नाही मी. आजींनी फोन तसाच टाकून आजोबांना हाका मारल्या, ते मला ऐकू येत होतं. संध्याकाळी ह्यांना सांगावंच लागलं, कारण आजोबांचा ह्यांना फोन आला. ह्यांना मी खरं सांगितलं, तार माझी म्हणून. हे ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "आणि तीन दिवस गप्प बसलीस?" मग थोड्या वेळानं, "गाळ्याचं राहू दे आत्ता. पुढं बघू." पुढं बघू म्हणजे नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. विंचूरच्या घोड्याला ह्यांनी नकार कळवला नाही, तो घोडा मी इथंच करायचा आहे. कालच टेबल आत घेतलं.

मधले दोन दिवस मी लिहिलं नाही. डॉक्टरांनी बैलाच्या घशात नळी घालून पोटात लोहचुंबक सोडलं म्हणे. तार त्याला चिकटून बसते आणि मग जिथल्या तिथं राहते, जन्मभर. शिवाय इंजेक्शनं दिली. आज सकाळी मी घोड्याच्या सांगाड्याचे नट आवळत होते, तर आजींचा फोन आला. माझ्याच नंबरवर. "खाल्लं गं बाई त्यानं. पेंढी खाल्ली आन बसला, रवंथ करतोय. म्हटलं तुला आधी सांगावं." मी नुसतं हं, हं म्हणत राहिले. मग आजी म्हणाल्या, "आन ती तुझी पोरगी, तिला मारलं-बिरलं नाय ना?"

"नाही, आजी."

"किती वर्साची हाय?"

मी म्हटलं, "चौदा." का म्हटलं कुणास ठाऊक, तोंडातून गेलं.

"आगं मंग साळंत घाल की तिला! तार काय पिळायला लावती?" असं चांगलं फैलावर घेतलं मला आजींनी. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "रडली आसंल नाय लय? तिला म्हणावं, बैल खातोय. म्हणावं, आजीनं सोता सांगितलं, तुज्यामुळं काय झालं नाय. लेकराच्या मनाला लागतं आसलं. सांगशील ना?"

सांगते म्हटलं. फोन ठेवला आणि घोड्याच्या चार पायांमधून बघत बसून राहिले. रडले, हे कशाला लपवू. आजींना परत फोन करून खरं सांगता येईल, नंबर आहे. केला नाही अजून. करीन असं लिहीत नाही, कारण तुमच्याशी तरी खोटं बोलायला नको.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकते. त्या दिवशी आजींनी विचारलं, तार कोणी घातली, आणि मी म्हटलं, एका मुलीनं. ते वाक्य तोंडातून गेलं, दादा, आणि मला फार बरं वाटलं.